वहाणा मागायला आलेला नवरा

परंड्याला येणारा माणूस किल्ला बघून परततो. याच तालुक्यात सीनेकाठी डोमगाव आहे, तिकडे फार थोडे वळतात. तिथे समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांची समाधी आहे. त्यांच्या हातची दासबोधाची पोथी तिथल्याच मठात जपली गेली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1905 मध्ये तिच्यावरून दासबोध छापला. त्यातल्या दहाव्या दशकाचा सहावा समास भ्रमावर आहे. रामदास एकेक भ्रम सांगत जातात आणि मधेच असा एक येतो, की एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाने खुर्ची पुढे ओढावी. मेलेलं माणूस स्वप्नात आलं, त्याने काहीतरी मागितलं आणि ते मनात ठाण मांडून बसलं.

रामदास गेले 1682 मध्ये. 1725 साली दूर सर्बियात, किसिलेवो गावात, पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्याची बायको म्हणू लागली, तो रात्री आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या! ती गाव सोडून गेली. आठ दिवसांत नऊ माणसं दगावली, तेव्हा हे त्याचंच काम समजून लोकांनी त्याला उकरून काढलं. तोंडाला ताजं रक्त दिसलं. मग छातीत खुंटी ठोकून त्याला जाळलं.

ड्रॅक्युलाचा वाडा आणि रुबाब 1897 च्या कादंबरीतला. मूळ व्हॅम्पायर हा असा फुगलेला, लालबुंद चेहऱ्याचा गावकरी. प्रेत कुजताना पोटात वायू साठतो आणि रक्ताळ द्रव तोंडावाटे बाहेर ढकलतो. कातडी आक्रसते, म्हणून नखं वाढल्यासारखी दिसतात. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याने 1755 मध्ये या साऱ्याला अडाणीपणा ठरवलं. तिनेही प्रेतांची ही विटंबना बंद केली.

पण तो नवरा आधी बायकोकडेच का यावा?

फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्स याने 1931 च्या ‘ऑन द नाइटमेअर’ या पुस्तकात हाच धागा धरला. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, तरी व्हॅम्पायरसाठी त्याने अख्खं प्रकरण खर्ची घातलं. त्याचं म्हणणं असं, की ओढ जिवंत माणसाला असते, तो ती मेलेल्याच्या नावावर टाकतो. आणि प्रेमात अपराधीपणा कालवला की परत येणारा रक्त पिऊ लागतो. फ्रॉइडच्या गोटातली मंडळी प्रत्येक गोष्ट अंथरुणापर्यंत नेतात, तेवढं सोडून द्या. आपली भुतं बघा ना: मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ. काय राहून गेलं, त्यावरून भूत ठरतं.

पुढे 1971 मध्ये डेवी रीस या वेल्समधल्या साध्या फॅमिली डॉक्टरने 293 विधवा-विधुरांना सरळ विचारलं, गेलेला जोडीदार कधी जाणवतो का? जवळजवळ निम्मे हो म्हणाले. कुणाला तो नुसता आसपास वाटे, कुणाला दिसे, कुणी त्याच्याशी बोले. बहुतेकांनी हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरला तर नाहीच. भीती वाटणारे थोडे. बऱ्याच जणांना त्याचा आधार वाटत होता. आणि संसार जितका जुना, तितका हा अनुभव अधिक.