मंदी, उपाशी माणूस आणि हिटलर

'जर्मनीत महामंदी आली, लोक उपाशी राहू लागले, म्हणून त्यांनी हिटलरला सत्तेवर आणले.' हे वाक्य मी विद्यार्थी असताना परीक्षेत लिहिले आहे आणि त्यावर गुणही मिळवले आहेत. आज माझे विद्यार्थी तेच लिहितात. गेल्या वर्षी वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, म्हणजे उपाशी माणूसच हुकूमशहा आणतो का?" या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. माझे वडील नाक्यावर उभे राहून काम मिळवीत. काम न मिळालेल्या दिवशी ते घरात मोठ्याने बोलतसुद्धा नसत. म्हणून हे सोपे उत्तर तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

प्रथम मंदीचे स्वरूप पाहू. १९२४ नंतर जर्मनीचा आर्थिक गाडा बराचसा अमेरिकन कर्जावर चालत होता. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि हा आधार तुटत गेला. जुलै १९३१ मध्ये दानात ही मोठी बँक बुडाली व सरकारला काही दिवस सर्व बँका बंद ठेवाव्या लागल्या. १९३२ पर्यंत औद्योगिक उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटले. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत नोंदलेल्या बेकारांची संख्या ६१ लाखांवर गेली. ज्यांनी नाव नोंदवणेही सोडून दिले होते, ते यात नाहीत.

जर्मनीत १९२७ पासून बेकारी विम्याचा कायदा होता. पण तो सुमारे ८ लाख बेकारांचा अंदाज धरून केलेला होता. मंदीत त्याच्या तीन पायऱ्या झाल्या. पहिली विम्याची. तिची मुदत संपली की दुसरी, संकटकालीन मदतीची. येथे गरजेची चौकशी होई. त्यानंतर तिसरी, नगरपालिकेच्या दानधर्माची. येथे अधिकारी घरात येऊन काय आहे, काय नाही ते पाहत, आणि दिलेली मदत कायद्याने कर्ज मानली जाई. १९३२ च्या अखेरीस बेकारांचा सर्वांत मोठा गट या शेवटच्या पायरीवर होता. म्हणजे हक्काची याचना झाली. मंदीचा हा सामाजिक परिणाम आकड्यांत दिसत नाही.

१९३२ साली 'कुले वाम्पे' नावाचा चित्रपट निघाला. बर्लिनजवळच्या एका तंबूंच्या वसाहतीचे हे नाव. त्याच्या लेखनात ब्रेख्तचा हात होता. त्यात एक बेकार तरुण दिवसभर काम शोधून रिकाम्या हाती घरी येतो. खिडकीतून उडी टाकण्यापूर्वी तो मनगटावरचे घड्याळ काढून ठेवतो. घड्याळाला बाजारात किंमत होती, त्याला नव्हती. या चित्रपटावर प्रथम बंदी घालण्यात आली.

आता सरकारने काय केले? मार्च १९३० मध्ये हेर्मान म्यूलर यांचे संयुक्त सरकार विम्याच्या हप्त्यात किंचित वाढ करावी की नाही, या वादावर पडले. त्यानंतर आलेल्या ब्र्यूनिंग यांनी संसदेला बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकुमांनी राज्य चालवले. पगार कापले, मदत कापली, कर वाढवले. डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमाने मजुरी जानेवारी १९२७ च्या पातळीवर खाली आणली. लोकांच्या हातातला पैसा आणखी कमी झाला, मालाला गिऱ्हाईक उरले नाही आणि कारखाने आणखी बंद पडले. ही केवळ आपत्ती नव्हती. तो एक निर्णय होता. लोकशाहीला हिटलरच्या आधीच गळती लागली होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

मग हिटलरला मते कोणी दिली? १९२८ मध्ये त्याच्या पक्षाला २.६ टक्के मते होती. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के झाली. परंतु मतदानाचा अभ्यास असे दाखवतो की, बेकार कारखाना कामगार मुख्यतः कम्युनिस्टांकडे वळले. नाझी मतांचा जोर होता तो छोटे शेतकरी, कारागीर, दुकानदार, पेन्शनर अशा थरांत, विशेषतः प्रॉटेस्टंट भागात. कामगारांनीही त्यांना मते दिली, हे नाकारता येत नाही. पण त्यांत बेकार कमी होते. १९३१ मध्ये तर जर्मन विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना नाझींच्या ताब्यात गेली. शिकलेल्यांनी हे विसरू नये.

या माणसांना भुकेपेक्षा घसरण्याचे भय अधिक होते. आपण खालच्या पायरीवर जाऊ, ज्यांना आजवर हीन लेखले त्यांच्या रांगेत उभे राहू, हे ते भय. उतरंडीच्या समाजात वाढलेल्या आपल्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. या भयाला नाझींनी शत्रूचा चेहरा दिला. ज्यू लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. ज्यूद्वेष मात्र जुना होता. मंदीने तो निर्माण केला नाही, त्याला बाजारपेठ मिळवून दिली. नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियाही 'दुहेरी कमाईवाल्या' म्हणून लक्ष्य झाल्या. मे १९३२ च्या कायद्याने त्यांना सरकारी सेवेतून काढण्याची वाट मोकळी केली.

आणि कामगार? तेही दुभंगले. काम असलेले बहुतांशी सोशल डेमोक्रॅट, बेकार कम्युनिस्टांकडे. कम्युनिस्ट सोशल डेमोक्रॅटांना 'सामाजिक फॅसिस्ट' म्हणत, तर सोशल डेमोक्रॅट ब्र्यूनिंगची कपात मुकाट्याने सोसत. दोघांची मते मिळून नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींपेक्षा जास्त भरत होती. त्या निवडणुकीत नाझींची मते ३३.१ टक्क्यांवर उतरलीही होती. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चान्सलर नेमले. पापेन आणि त्यांच्या भोवतालच्या जमीनदार-उद्योगपतींना वाटले होते की, आपण त्याला मुठीत ठेवू. त्याच वर्षी १ मे हा कामगारदिन सरकारी सुट्टीने साजरा झाला आणि २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या.

त्या विद्यार्थिनीला मी आता असे उत्तर देईन : उपाशी माणसाने हुकूमशहा आणला नाही. पडण्याच्या भयाने ग्रासलेल्यांनी त्याला बळ दिले, वरच्यांनी दार उघडले, आणि ज्यांनी एकत्र उभे राहायचे ते एकमेकांशी भांडत राहिले. मंदी माणसांना आपोआप एकत्र आणत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे. एकी ही संकटाच्या आधीच बांधावी लागते. संकटात तिची फक्त परीक्षा होते.