कॅप्सूल किती काळ घ्यावी?

हाडांच्या पोकळीतील मज्जा, जिच्यात रक्तपेशी तयार होतात, ओस पडून तिची जागा चरबीने घेतली की तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्ही एकदमच घटतात. हाच अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. युरोपच्या तुलनेत आशियात दुप्पट-तिप्पट आढळणाऱ्या या आजारात बहुधा शरीराच्या स्वतःच्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मज्जेतील मूळ पेशी नष्ट करतात. भावंडाची मज्जा जुळल्यास प्रत्यारोपण होते. इतरांना या टी-पेशी आवरणारी औषधे दिली जातात. घोड्याला मानवी थायमस ग्रंथीतील पेशी टोचून त्याच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे, म्हणजे एटीजी, चार दिवस शिरेतून दिली जातात आणि सोबत सायक्लोस्पोरिनची कॅप्सूल दिवसातून दोनदा सुरू होते.

यातून सावरलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आजार उलटतो. सहा महिन्यांनी कॅप्सूल बंद करण्याऐवजी पुढील १८ महिन्यांत मात्रा हळूहळू उतरवली तर हे टळेल का, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ६७ रुग्णांवर तपासले आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. पाच वर्षांअखेर सुमारे ३३ टक्के सावरलेल्यांत आजार उलटलाच. मात्र तो सुमारे एक वर्ष उशिरा उलटला. ही तुलना पूर्वीच्या रुग्णांशी होती, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांत नव्हे, हे विसरून चालणार नाही. तरीही हा निष्कर्ष निराशेचा मानणे चुकीचे ठरेल, कारण रक्त चढवावे न लागता गेलेले एक वर्ष रुग्णाच्या दृष्टीने फार मोठे असते.

त्या वर्षाची किंमतही असते. सायक्लोस्पोरिनमुळे रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, हिरड्या सुजतात आणि अंगावर केस वाढतात. म्हणून रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि रक्तातील औषधाचे प्रमाण वारंवार पाहावे लागते. या तपासण्यांसाठी लातूर जिल्ह्यातील औसा येथील रुग्णाला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत सुमारे २० किलोमीटर जावे लागते, आणि एटीजी उपचारासाठी बहुधा पुणे वा मुंबई गाठावी लागते. अशा वेळी अंगात ताकद आली की कॅप्सूल परस्पर बंद करण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण तोच सर्वांत घातक आहे. पेशी पुन्हा घटू लागल्या तर सायक्लोस्पोरिन परत सुरू करताच बऱ्याच रुग्णांची मज्जा पुन्हा प्रतिसाद देते; ती घसरण वेळीच दिसावी यासाठी कॅप्सूल थांबल्यानंतरही काही वर्षे नियमितपणे करावयाची रक्तपेशींची मोजणी औसा येथेही होऊ शकते.