इंधनदर आणि सांगवीची दुचाकी

बारामती-फलटण रस्त्यावरील सांगवीसारख्या गावात दुचाकी ही चैन नसून शेत, दूध संकलन केंद्र आणि बारामतीची बाजारपेठ यांना जोडणारे साधन असल्यामुळे, पेट्रोल महागले तरी फेऱ्या फारशा घटत नाहीत. झळ बसते ती घरखर्चाच्या इतर बाबींना. जून २०१० मध्ये केंद्राने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले, म्हणजे किंमत ठरवण्याचे काम तेल कंपन्यांकडे गेले, आणि मे २०२१ मध्ये मुंबईत लिटरचा भाव शंभरीपार पोहोचला.

वाहन निवडताना ॲव्हरेज, म्हणजे लिटरमागे पडणारे किलोमीटर, पूर्वीही पाहिले जाई. आता इंधनाचा प्रकारही तोलला जातो. बारामतीत तीनचाकी बनवणारी पियाजिओ कंपनी सीएनजी आणि विजेवरील रिक्षाही विकते, तर बजाज ऑटोने जुलै २०२४ मध्ये सीएनजीची मोटारसायकल आणली.

ऊसपट्ट्याचा हिशेब मात्र दुहेरी आहे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाणारे इथेनॉल, अर्थात उसाचा रस, मळी किंवा धान्य आंबवून काढलेले अल्कोहोल, साखर कारखान्यांना उत्पन्न देते. परंतु त्यातील ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने त्याच ऊसउत्पादकाच्या गाडीचे ॲव्हरेज काहीसे उतरते.