किमान वेतन : जाहीरनाम्यात आणि पगाराच्या दिवशी

पन्हाळा गडावर पर्यटकांचा हंगाम आला की लॉज, खानावळी, दुकाने गजबजतात. गडाखालच्या तालुक्यात गुऱ्हाळे आहेत, वारणानगरचा साखर कारखाना आहे. या साऱ्यांत राबणारे हजारो हात मजुरीवर जगतात. पण निवडणूक आली की येथे सभा गाजते ती उसाच्या दरावर. मजुरीच्या दरावर नव्हे.

कारण उघड आहे. ऊस उत्पादक येथला मतदार आहे आणि संघटितही. ऊसतोड मजूर मोठ्या संख्येने बीडसारख्या जिल्ह्यांतून येतो. त्याचे मत गावाकडे. म्हणून त्याच्या मजुरीचे राजकारण तिकडे घडले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही साखर संघ व मजूर संघटनांच्या वाटाघाटीत, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने रोज ४०० रुपये राष्ट्रीय किमान वेतनाचे आश्वासन दिले. मार्क्सवादी पक्षाने दरमहा २६,००० रुपये मागितले. भाजपने आकडा न देता राष्ट्रीय किमान दराचा वेळोवेळी फेरआढावा घेण्याचे वचन दिले. आकडा सभेत टाळी घेतो, पण लहान दुकानदाराला धास्ती घालतो. फेरआढावा कुणालाच दुखवत नाही. प्रचाराचे गणित हे असे.

हा विषय नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये विधेयक आले आणि १९४८ चा किमान वेतन कायदा झाला. त्याची जागा घेणारी वेतन संहिता २०१९ मध्ये मंजूर झाली. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडले. आता केंद्राने ठरवलेल्या किमान पातळीखाली राज्याला दर ठेवता येत नाही. तरी प्रत्यक्ष दर राज्यच ठरवते, आणि साधारणपणे पाच वर्षांच्या आत ते सुधारायचे असतात.

यात व्यापाऱ्याचाही स्वार्थ आहे. नियमाने पगार देणाऱ्या हॉटेलवाल्याला शेजारचा कमी पगारावर माणसे राबवून दरात मागे टाकतो. तपासणी नसेल तर भुर्दंड प्रामाणिक माणसालाच.

तेव्हा वाचकहो, उमेदवार दारी आला की त्याला नुसता आकडा विचारू नका. दर वेळेवर सुधारणार का? मालक-मजूर दोघांचे प्रतिनिधी असलेल्या समितीत लहान दुकानदार असेल का? आणि पगाराच्या दिवशी तपासायला कोण येणार? उत्तर देता आले, तर त्याने जाहीरनामा वाचला आहे असे समजावे.