गिअरबॉक्सची गळती थांबवणारे सीलंट आत गेल्यास महागात

स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर बदलताना बहुतेक वाहनांत तळाचे पत्र्याचे तबक, म्हणजे ऑइल पॅन, उघडावे लागते. ते पुन्हा बसवताना जोडावर नळीतील सिलिकॉनचा जाड थर फासण्याची सवय अनेक गॅरेजांत आढळते. बाहेर ठिबकणारे तेल त्याने थांबतेही. मात्र जोडाच्या आतल्या बाजूला काय घडते ते वाहनमालकाला दिसत नाही आणि खर्चाचा खरा धोका तिथेच असतो.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल हे केवळ वंगण नसते. गिअर बदलण्याचे काम त्याच्याच दाबावर चालते. पंप तबकातील तेल फिल्टरमधून ओढून घेतो. पुढे व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या भागातील बारीक मार्गांतून ते योग्य वेळी योग्य क्लचपर्यंत पोहोचते. या व्हॉल्व्हभोवतीची फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. बोल्ट आवळताना जादा सीलंट जोडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येते. बाहेरचे पुसून काढता येते, आतले मात्र लोंबत राहते आणि गरम तेलाच्या माऱ्याने केव्हातरी सुटते. असा तुकडा फिल्टरवर जाऊन बसला की पंपाला पुरेसे तेल मिळत नाही, दाब घटतो आणि क्लच घसरू लागतात. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या वेगाने पुढे सरकत नाही. हे दुर्लक्षित राहिले तर क्लचची अस्तरे जळतात आणि साध्या सर्व्हिसिंगचे रूपांतर गिअरबॉक्स उघडण्याच्या कामात होते. फिल्टरची जाळी भरड असेल, तर बारीक कण पुढे जाऊन सोलेनॉइड व्हॉल्व्हही अडकवू शकतात.

याचा अर्थ सीलंट वापरूच नये असा नाही. अनेक गिअरबॉक्सच्या आवरणाचे दोन भाग, तर काहींचे तबकही, कारखान्यातच केवळ द्रव गॅस्केटने जोडलेले असते. तिथे दुसरा पर्याय नसतो. परंतु जिथे उत्पादकाने रबराचे किंवा कॉर्कचे तयार गॅस्केट दिले आहे, तिथे ते सहसा कोरडेच बसवायचे असते. दुहेरी बंदोबस्त म्हणून त्यावर सिलिकॉन लावले की गॅस्केट निसरडे होते आणि बोल्ट आवळताना जागेवरून सरकते, प्रसंगी फाटते. त्यामुळे जोड कोणत्या प्रकारचा आहे, हे त्या वाहनाच्या दुरुस्ती पुस्तिकेतून पाहणे हीच पहिली पायरी ठरते.

दुकानात मिळणारे प्रत्येक सिलिकॉन गिअरबॉक्ससाठी नसते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते. ते धातूला गंज आणू शकते. गिअरबॉक्सच्या तेलात टिकणारे, आम्ल न सोडणारे सीलंट वेगळे मिळते. हवेविना घट्ट होणारे ॲनारोबिक सीलंट जाड, सपाट घडवलेल्या धातूच्या जोडांसाठी उत्तम. लवचिक पत्र्याच्या तबकाला ते चालत नाही.

यशाचा मोठा भाग सीलंट लावण्यापूर्वीच्या स्वच्छतेत असतो. जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, कारण लोखंडी पातीने ॲल्युमिनियमवर ओरखडे उमटतात आणि तेल तिथूनच वाट काढते. तबकाच्या कडा बोल्टच्या छिद्रांपाशी वाकलेल्या असतील, तर त्या सपाट कराव्यात. तेलाचा अंशही राहणार नाही असे दोन्ही पृष्ठभाग पुसून मगच सीलंटची अखंड रेघ ओढावी. साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडी पुरते. रेघ बोल्टच्या छिद्रांच्या आतील बाजूने किंवा छिद्रांना वेढा घालून जावी. तबकाचे बोल्ट फारच कमी ताकदीने आवळायचे असतात. अनेक वाहनांत हे प्रमाण १० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. हाताच्या अंदाजावर विसंबण्यापेक्षा टॉर्क पाना वापरलेला बरा.

सर्वाधिक घाई होते ती वाळण्याच्या वेळेत. हे सिलिकॉन हवेतील बाष्पामुळे घट्ट होते. पावसाळ्यात त्यावर लवकर साय धरते, तर कोरड्या थंड हवेत अधिक वेळ लागतो. वरून कोरडे दिसले तरी आतला थर कच्चा असू शकतो. तेल भरण्यापूर्वी किती थांबायचे ते नळीवर लिहिलेले असते. काही उत्पादनांना तासभर पुरतो, काहींना २४ तास लागतात. संध्याकाळी गाडी परत देण्याच्या घाईत ही सूचना सर्रास डावलली जाते.

२०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून भारतात रुळलेल्या एएमटी प्रकाराला मात्र हे सारे जसेच्या तसे लागू होत नाही. त्यात मूळ गिअरबॉक्स मॅन्युअल पद्धतीचाच असतो.

काम संपल्यावर तेलाची पातळी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानालाच तपासावी लागते, कारण तापल्यावर तेल प्रसरण पावते. थोडे अंतर चालवून आणल्यानंतर तबकाच्या कडेवरून कोरडे कापड फिरवले, तर बारीक पाझरही लगेच कळतो. तो आढळल्यास वरून आणखी सिलिकॉन न फासता तबक पुन्हा उतरवून जोड साफ करणेच योग्य.