ज्येष्ठांच्या खोलीची भिंत : रंगापूर्वीची डागडुजी

पाऊस ओसरू लागला, की यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी अशा सर्वच गावांतून दिवाळीच्या रंगकामाची बोलणी सुरू होतात. पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या खोलीतील ओलीचे डाग झाकण्यासाठी कधीकाळी वॉलपेपर लावलेला असतो. तो ओढून काढला, की त्याबरोबर पुट्टीचे पापुद्रे निघतात, कुठे गिलाव्याचा ढलपा सुटतो, कुठे गोंदाचा चिकट थर मागे राहतो. अशा भिंतीवर दोन दिवसांत पुट्टी फिरवून रंग देऊन टाकावा, असा मोह होतो. तो आपण आवरावा. जी व्यक्ती दिवसाचा बहुतेक वेळ या भिंतीजवळ पलंगावर काढते, तिच्या श्वासाशी या डागडुजीचा थेट संबंध आहे.

प्रथम ओलीचे मूळ शोधावे. प्लास्टिकच्या वॉलपेपरमधून बाष्प बाहेर पडत नाही. ओल आतच कोंडते आणि कागदामागे बुरशी धरते. आपल्या भागातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया हलून भिंतींना भेगा जातात आणि पुढच्या पावसाचे पाणी त्यांतून आत शिरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दमट घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी व दमा यांचा त्रास अधिक होतो, आणि मुळात ओल थांबविणे हाच खरा उपाय आहे, असे त्यांत सांगितले आहे.

भिंत वाळली की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवावा आणि २४ तास तसाच ठेवावा. भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतच आहे. मग गच्ची, नळ, मोरी आणि बाहेरील भेगा यांची दुरुस्ती आधी करावी.

त्यानंतर गोंद काढावा. खोलीचा वीजपुरवठा बंद करून कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्पंजाने थोडा थोडा भाग ओला करावा आणि मऊ झालेला थर पुट्टीच्या पत्तीने अलगद खरवडावा. गोंद राहिला, तर त्यावरील रंग पुढे पोपडे धरतो. बुरशीचे काळे डाग कोरडे घासू नयेत. साबणाच्या पाण्याने ओले करून पुसावेत. ब्लीचिंग द्रव आणि शौचालय धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. लोणा लागला असेल, तर तो मात्र भिंत ओली न करता कोरड्या ब्रशाने हळुवार झाडून ओल्या फडक्यात टिपून घ्यावा.

आता बोटाने भिंत वाजवून पाहावी. पोकळ वाजणारा गिलावा काढून नवा भरावा. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर सात दिवस पाणी मारावे लागते आणि त्यानंतर तो तीन-चार आठवडे वाळू द्यावा लागतो. जुन्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंट चढवू नये. तिची ओल आत अडकते. तेथे चुन्याचाच गिलावा योग्य. चुना वणीजवळच्या राजूर भागातील भट्ट्यांतून मिळतो. मात्र चुना विरवताना ज्येष्ठांनी व मुलांनी दूर राहावे. तो डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने डोळे धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

लहान खड्डे पुट्टीने भरावेत. एकच जाड थर देण्याऐवजी दोन पातळ हात द्यावेत आणि पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. शहरांतील काही घरांत जिप्समच्या फळ्यांच्या भिंती असतात. त्यांचा वरचा कागद फाटला असेल, तर सुटे तुकडे धारेने कापून प्रायमर द्यावा आणि तो वाळल्यावर पुट्टी करावी. फार पाणी लागल्यास हा कागद फुगतो.

सर्वांत जपावे ते घासकामाच्या वेळी. काचकागदाने, म्हणजे रंगाऱ्यांच्या पॉलिश पेपरने, उडणारी बारीक धूळ दम्याच्या रुग्णास अपायकारक असते. ज्येष्ठांना दुसऱ्या खोलीत हलवावे, दाराला ओली चादर लावावी, काम करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी बांधावी आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीच्या तैलरंगात शिसे असू शकते. असा थर कोरडा घासू नये आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांना तेथे येऊ देऊ नये. ऑक्सिजनचे यंत्र वापरणाऱ्यांच्या जवळपास तैलरंग व टर्पेंटाइन आणूच नये. आग लागण्याचा धोका असतो.

खोली बदलताना स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची विशेष काळजी घ्यावी. नव्या जागीही पलंगाची दिशा, घड्याळ व देवाची तसबीर शक्यतो पूर्वीसारखी ठेवावी. रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा आणि वाटेत शिडी, डबे, चादरी नसाव्यात. ‘एवढेसे तर काम’ म्हणून आजोबा स्टुलावर चढू लागले, तर त्यांना आदराने थांबवावे. रंगाची छटा निवडण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.

दिवाळी तोंडावर आली असेल आणि भिंत ओली असेल, तर इतर खोल्या रंगवून घ्याव्यात. ही खोली केवळ स्वच्छ करून तिच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि रंग होळीनंतर द्यावा. तोवर विदर्भाचे ऊन भिंतीतील ओल ओढून घेईल आणि त्यावर दिलेला रंग टिकेल.