आठ तास उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे

"मॅडम, आठ तास लाईनवर उभा असतो. आता आणखी कुठे चालू?"

वार्षिक मेडिकलमध्ये साखर वाढलेली निघाली आणि मी चालायला सांगितलं, की हे उत्तर ठरलेलं. चाकणच्या एका कारखान्यातल्या ओएचसीत, म्हणजे कंपनीच्याच दवाखान्यात, मी डॉक्टर आहे. असं विचारणारा माणूस कामचुकार नसतो, तो खरोखर दमलेला असतो. पण अंग दमलं म्हणजे व्यायाम झाला असं होत नाही.

एका जागी तासन् तास उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, शिरा फुगतात, कंबर धरते. हृदयाची गती मात्र फारशी वाढत नाही आणि व्यायामात नेमकी तीच वाढायला हवी. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला अशी १५० ते ३०० मिनिटं हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी चाललेलं हिशेबात धरत नसत. ती अट आता गेली. शिफ्टवाल्यांसाठी ही मोठी सोय आहे, कारण पाच-पाच मिनिटांचे तुकडेही चालतात.

बसून काम करणाऱ्यांची गत वेगळी. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. आपल्याकडे फोर्कलिफ्टवाले, कंपनी बसचे चालक, भोसरीच्या डिझाइन ऑफिसातली मुलं याच ड्रायव्हरांच्या रांगेतली.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. २९ ऑगस्ट २०१९ रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, 'फिट इंडिया' चळवळ सुरू झाली. 'रोज अर्धा तास' हा तिचा घोष. आयुष मंत्रालयाने नोकरदारांसाठी पाच मिनिटांचा योगाभ्यासाचा 'वाय-ब्रेक' आणला. तरीही 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२२ मध्ये पुरुषांत ते ४२ टक्के होतं, बायकांत ५७. लाईनवर उभी राहून आलेली बाई घरी ओट्यापाशी उभी राहते. तिला अर्धा तास कुठून मिळणार?

मला अडचण दिसते ती इथेच. सल्ला माणसाला दिला जातो, पण वेळ आणि जागा दोन्ही त्याच्या हातात नसतात. पहाटे साडेपाचला तो बसथांब्यावर असतो. लाईन कुणासाठी थांबत नाही. एकाला पाच मिनिटं सोडायचं तर त्याच्या जागी रिलिव्हर लागतो, तो नसेल तर 'वाय-ब्रेक' नोटीस बोर्डावरच राहतो. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून आसनाची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४व्या कलमातच सांगितलं होतं. त्याच कायद्यात सलग पाच तासांहून जास्त काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी, हेही होतं. तो अर्धा तास कॅन्टीनची रांग आणि जेवण यात संपतो.

आता रस्त्याचं बघू. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांआधी माणसांचा विचार करा, असं सांगितलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेने ते थोडंफार मनावर घेतलं. 'सायकल्स फॉर चेंज' आणि 'स्ट्रीट्स फॉर पीपल' या केंद्राच्या दोन्ही स्पर्धांत शहर निवडलं गेलं. निगडीची दुर्गा टेकडी पहाटे चालणाऱ्यांनी गजबजते.

पण इंद्रायणी ओलांडून चाकणकडे आलं की चित्र बदलतं. तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात कंटेनरच्या रांगेतून वाट काढत चालणाऱ्याला 'रोज दहा हजार पावलं' सांगायला जीभ रेटत नाही. महामार्ग एकाचा, एमआयडीसीचे रस्ते दुसऱ्याचे, गावातले रस्ते नगरपरिषदेचे नाहीतर ग्रामपंचायतीचे. पदपथ मात्र कुणाचाच नाही.

म्हणून कारखान्यांच्या व्यवस्थापनांना माझं सांगणं आहे: प्रत्येक लाईनला रिलिव्हर द्या, शिफ्टमध्ये दोनदा पाच मिनिटं हालचालीची सुट्टी कामाच्या वेळेतच धरा, आणि दर दोन तासांनी माणसाचं स्टेशन बदला. युनियनने पगाराच्या करारात या मागण्याही मांडाव्यात. आणि तुम्ही, शिफ्ट संपवून घरी निघालेले, बसमधून एक थांबा आधी उतरा आणि जिथे पदपथ आहे तिथे भराभर चाला. तसा पदपथ जवळपास नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत पहिली मागणी त्याचीच करा.